सोलरमधली सात वर्षं घेऊन एमबीएला जाताना

ऑगस्ट 2023 मध्ये जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा पहिला सराव पेपर उघडला आणि सप्टेंबर 2025 मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या एक वर्षाच्या एमबीएचा निकाल हातात आला. मधल्या काळात जिथे जिथे अडले, तिथे तिथे आपल्यासारख्या कुणीतरी मराठीत लिहून ठेवलेलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. सोलर, विंड, बायोगॅस, एनर्जी ऑडिट अशा कामांत पाच-सात वर्षं काढलेले आणि आता एमबीएचा विचार करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यासाठी हे तारीखवार लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तीन वर्षं प्रकल्प बांधून देणाऱ्या ईपीसी कंपनीत साइटवर, नंतर चार वर्षं ओपन ॲक्सेसचे, म्हणजे कारखान्यांना थेट वीज विकणारे, सौर प्रकल्प उभे करणाऱ्या कंपनीत. म्हणजे जमीन, महावितरणच्या परवानग्या, एमईआरसीचे (राज्य वीज नियामक आयोग) आदेश वाचणं, ग्राहक कारखान्यांशी करार, लाइन, कमिशनिंग.

कोर्स निवडताना पहिला प्रश्न एक वर्ष की दोन वर्षं, हा होता. भारतातही एक वर्षाचे चांगले पर्याय आहेत. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, आयएसबीच्या पीजीपीला दोन वर्षांचा, आणि दोन्हीकडे जीमॅट चालते. आयआयएम लखनौमध्ये 2015 पासून सस्टेनेबल मॅनेजमेंटचा वेगळा कोर्स आहे, पण तो दोन वर्षांचा आणि कॅटवरून. भारतातच पुढे काम करायचं पक्कं असेल, तर माझ्या मते आधी या तिन्हींकडे नीट पाहावं. ब्रिटन निवडण्याचं कारण विजेचा बाजार हे होतं. तिथल्या लिलावांची पद्धत, समुद्रातली पवनऊर्जा, बॅटरी साठवणुकीचा धंदा हे आपल्याकडे पुढच्या काही वर्षांत जे येणार आहे त्याच्या जवळचं आहे. माहितीपत्रकावर ‘सस्टेनेबिलिटी’ हा शब्द सगळ्यांच्याच असतो. त्यापेक्षा ऐच्छिक विषयांची यादी उघडा, ऊर्जेशी संबंधित विषय किती तासांचे आहेत ते बघा आणि शिकवणारा माणूस पूर्णवेळ तिथला आहे की बाहेरून येणारा, हे ईमेल करून विचारा. मी पाच ठिकाणी विचारलं, तीन ठिकाणांहून नीट उत्तर आलं आणि त्या तिघांकडेच अर्ज केले.

जीमॅटबद्दल थोडक्यात. 7 नोव्हेंबर 2023 पासून परीक्षेचं नवं रूप सुरू झालं. 45 मिनिटांचे तीन भाग: क्वांटचे 21 प्रश्न, व्हर्बलचे 23, डेटा इनसाइट्सचे 20. गुण 205 ते 805. क्वांटमधून भूमिती गेली आणि व्हर्बलमधून वाक्य दुरुस्ती गेली, त्यामुळे मित्रांकडून आलेली जुनी जाड पुस्तकं अर्धी निरुपयोगी ठरतात. मी त्यात तीन आठवडे घालवले, तुम्ही घालवू नका. स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो. प्रत्येक भागात तीन उत्तरं शेवटी बदलता येतात, म्हणून शंकेच्या प्रश्नावर खूण करून पुढे जायची सवय लावा. फी 275 डॉलर होती, तेव्हाच्या दरानं तेवीस हजारांच्या आसपास. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा दिली, 575 आले. दोन परीक्षांत किमान 16 दिवसांचं अंतर लागतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा दिली, 615 आले. नव्या मोजणीतले 645 हे जुन्या 700 च्या जवळचे धरतात, म्हणजे माझे गुण मध्यमच होते. तरी दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलं. तेव्हा गुणांसाठी तिसऱ्यांदा बसण्याऐवजी तो महिना अर्जावर घालवला, हे बरोबरच झालं असं आज वाटतं.

केंद्रावर जाताना पासपोर्ट लागतो आणि नोंदणीतलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आपल्याकडे इथे हमखास घोळ होतो. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक थर. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मी सुरुवातीलाच करून ठेवलं. ते अर्जात, बँकेत आणि व्हिसाच्या वेळी, तिन्हीकडे जोडावं लागलं.

डिसेंबरमध्येच कागद गोळा करायला घेतले. गुणपत्रिकांच्या ट्रान्सक्रिप्टला तीन आठवडे लागले. खरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची होती. ज्या ईपीसी कंपनीत मी सुरुवात केली होती ती मधल्या काळात बंद पडली. सोलरमध्ये हे नवीन नाही, दर घसरले की छोट्या ईपीसी कंपन्या गुंडाळल्या जातात. नेमणूकपत्र होतं, पण रिलीव्हिंग लेटर कधी मिळालंच नव्हतं. शेवटी चार गोष्टी एकत्र जोडल्या: नेमणूकपत्र, तीन वर्षांचे फॉर्म 16, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. त्या शेवटच्या कागदावर नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख छापलेली असते, आणि तो सरकारी असल्यामुळे पुढे कुणीही शंका घेतली नाही. तुम्ही नोकरीत असतानाच आपला यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, उघडून या तारखा बरोबर आहेत का ते बघून ठेवा. माझ्या एका नोंदीत सोडल्याची तारीखच नव्हती, ती भरून यायला पाच आठवडे गेले.

आता रेझ्युमे. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या क्षेत्रातली माणसं इथेच मार खातात. माझ्या पहिल्या मसुद्यात मेगावॉटच मेगावॉट होते. 10 मेगावॉट सोलापूर जिल्हा, 6 मेगावॉट धुळे जिल्हा, एवढ्या केव्हीची लाइन, तेवढे इन्व्हर्टर. ऊर्जेबाहेरच्या माणसाला 10 मेगावॉट म्हणजे मोठं की छोटं हेच कळत नाही. आणि प्रकल्प 10 मेगावॉटचा असला तरी त्यात मी ठरवलेलं काय होतं, हे त्या ओळींतून दिसत नव्हतं. मग प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारले. अडचण कोणती होती? ठरवायचं कुणी होतं? चुकलं असतं तर किती पैसे गेले असते? आणि शेवटी काय झालं?

एक उदाहरण पूर्ण मांडते. सोलापूर जिल्ह्यातल्या 10 मेगावॉटच्या प्रकल्पात पॅनेल उभे राहिले होते, पण सबस्टेशनपर्यंतची 33 केव्हीची लाइन चौदा शेतकऱ्यांच्या बांधांवर अडली होती. खांबामागची भरपाई आधी ठरली होती ती त्यांना कमी वाटत होती. कंपनीत मत असं होतं की दर वाढवला तर पुढच्या प्रत्येक प्रकल्पात तोच दर मागतील, म्हणून थांबावं. मी हिशेब मांडला. 10 मेगावॉट म्हणजे 10,000 किलोवॉट, सीयूएफ (क्षमतेच्या मानानं प्रत्यक्ष निर्मिती) 19 टक्के, महिन्याचे 730 तास. गुणाकार केला की महिन्याला 13.87 लाख युनिट येतात. करारातला दर साधारण साडेचार रुपये धरला, तर एका महिन्याचं उत्पन्न सुमारे 62 लाख रुपये. सगळ्यांची भरपाई त्यांच्या मागणीइतकी वाढवायला लागणार होते सहा लाख. शिवाय बँकेचं व्याज चालू होतं ते वेगळंच. कागद पाहिल्यावर साहेबांनी मंजुरी दिली, अकरा दिवसांत सह्या झाल्या आणि पावसाळ्याआधी लाइन चार्ज झाली.

पहिल्या मसुद्यात या सगळ्याची ओळ होती, ‘33 केव्ही लाइनचं आरओडब्ल्यू आणि लायझनिंग पाहिलं.’ दुसऱ्या मसुद्यात ती अशी झाली: ‘सहा लाखांची जादा भरपाई देण्याचा प्रस्ताव मांडून मंजूर करून घेतला, त्यामुळे महिना 62 लाखांचं बुडणारं उत्पन्न वाचलं.’ काम तेच, माणूस तोच. पण आता मानसशास्त्राच्या प्राध्यापकालासुद्धा कळतं की या बाईसमोर दोन वाटा होत्या आणि तिनं आकडे मांडून एक निवडली. मुलाखतीत याच ओळीवर वीस मिनिटं बोलणं झालं. तुमचं काम बायोगॅसचं असेल तर मेगावॉटच्या जागी शेणाचा आणि प्रेसमडचा (साखर कारखान्यातला गाळ) पुरवठा येईल, ऑडिटचं असेल तर कॉम्प्रेसरची गळती येईल, पण हे चार प्रश्न तिथेही चालतात.

गुप्ततेचं भान ठेवा. ग्राहकाचं नाव, पीपीएतला (वीजखरेदी करार) नेमका दर, कंपनीचा अपेक्षित परतावा यांतलं काहीही अर्जात लिहू नका. मी ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारा ग्राहक’ असं लिहिलं आणि दर गोल आकड्यात दिला. नियामक आयोगाचे आदेश आणि लिलावांचे निकाल सार्वजनिक असतात, ते बिनधास्त वापरा.

शिफारसपत्रं दोन लागली. एक वरिष्ठांचं, एक ग्राहक कंपनीतल्या वीज विभागाच्या प्रमुखांचं. लिंक थेट त्यांच्या ऑफिसच्या ईमेलवर जाते आणि बरेचदा स्पॅममध्ये पडते, म्हणून पाठवल्याच्या दिवशीच फोन करा. वरिष्ठांना सांगणं म्हणजे नोकरी सोडणार हे आठ महिने आधी जाहीर करणं. त्याचं दडपण मोठं होतं. मी जानेवारीत सरळ सांगितलं आणि त्यांनीच मग सुट्ट्या जुळवून दिल्या.

निबंधांत ‘पर्यावरणाची लहानपणापासून आवड’ हे वाक्य टाळा, निवड करणारे ते दिवसभर वाचत असतात. मी लिहिलं ते असं: करार मी वाचू शकते, लाइन उभी करून घेऊ शकते, पण बँकेचा माणूस प्रोजेक्ट आयआरआर आणि इक्विटी आयआरआर (परताव्याचे दर) बोलायला लागला की खोलीत माझं काम संपतं, आणि प्रकल्प होणार की नाही हे त्याच खोलीत ठरतं. एवढं सांगितल्यावर एमबीए कशाला, हे वेगळं सांगावं लागलं नाही. अर्ज 28 जानेवारीला गेले. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाही याच दरम्यान दिली, सतरा हजार रुपये लागले.

मग सहा आठवडे शांतता. हा काळ जड जातो. रोज पोर्टल उघडून बघण्यात अर्थ नसतो हे कळूनही मी बघत होते.

मुलाखत मार्चच्या मध्यात, ऑनलाइन, पाऊण तास. दोन प्रश्न तुमच्याही उपयोगाचे आहेत. पहिला: ग्रुप कॅप्टिव्ह म्हणजे काय, हे ऊर्जेशी संबंध नसलेल्या माणसाला सांगा. मी म्हटलं, चार कारखाने मिळून एक वीजनिर्मिती कंपनी उभी करतात. त्यांची मिळून मतदानाच्या हक्कासह किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. दोन्ही अटी पाळल्या तर ती वीज स्वतःची धरली जाते आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीचा भार) लागत नाही. 10 डिसेंबर 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अतिरिक्त अधिभाराचाही प्रश्न मिटला. एका वर्षी अट मोडली तर हिशेब उलटा होतो, म्हणून कारखान्यातली मागणी कमी होण्याची जोखीम ही खरी जोखीम, ढगाळ हवामान त्यानंतर येतं.

दुसरा प्रश्न ब्रिटनचा होता. सप्टेंबर 2023 च्या पाचव्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली का आली नाही? सरकारनं कमाल दर 2012 च्या किमतींनुसार 44 पाउंड प्रति मेगावॉट-तास ठेवला होता. तोवर पोलाद आणि व्याज दोन्ही महागलं होतं, त्या दरात टर्बाइन उभं राहत नव्हतं. पुढच्या लिलावासाठी तो 73 पाउंड करावा लागला. मी याला आपल्याकडचं उदाहरण जोडलं. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर 1.99 रुपयांपर्यंत खाली गेला होता. त्यानंतर मॉड्यूल महागले, एप्रिल 2022 पासून त्यांवर 40 टक्के आयातशुल्क लागलं. दुखणं दोन्हीकडे एकच आहे: दर आज बांधून घ्यायचा आणि माल दीड वर्षानं विकत घ्यायचा. ज्या देशात शिकायला जाणार तिथल्या एका ताज्या घटनेचा असा अभ्यास करून जा.

3 एप्रिलला प्रवेश मिळाला, 8,000 पाउंडांच्या शिष्यवृत्तीसह. फी 43,000 होती, ती 35,000 झाली. जागा राखायला 3,500 पाउंड तीन आठवड्यांत भरायचे होते. चीव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मी करूच शकले नाही, कारण तो प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून शरद ऋतूपर्यंत असतो. त्याला किमान 2,800 तासांचा अनुभव लागतो, तो आपल्यापैकी बहुतेकांकडे असतोच. एक वर्ष आधी ठरवलं असेल तर ती तारीख चुकवू नका.

आता कर्ज. एकूण गरज एक्कावन्न लाखांची होती, पाउंड 107 रुपये धरून. चाळीस लाखांचं कर्ज घ्यायचं ठरलं, तारण ठेवून. 8 एप्रिलला बँकेत गेले आणि मंजुरीपत्र मिळालं 21 जूनला. अकरा आठवड्यांत काय काय झालं ते सांगते. गावातलं घर आधी पुढे केलं होतं. गावठाणातली मिळकत आणि शेतजमिनीचा सातबारा बँकेनं घेतला नाही. मग आई-वडिलांचा पुण्यातला फ्लॅट. करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ना हरकत, कराची पावती असं सगळं नेलं. फ्लॅट दुसऱ्या मालकाकडून घेतलेला होता आणि त्या पहिल्या मालकाचा बिल्डरशी झालेला मूळ करारनामा घरात सापडेना. बँकेच्या वकिलांना सलग साखळी हवी असते. पोलिसांत हरवल्याची नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, यात चोवीस दिवस गेले. त्यानंतर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकन. वकील, मूल्यांकनकार, गहाणाची स्टॅम्प ड्युटी मिळून तीस हजारांच्या आसपास लागले. तो एक महिना फार काळजीत गेला, कारण वडिलांच्या डोक्यावरचं छप्पर आपण टांगणीला लावतोय ही भावना कागदांपेक्षा जड होती. तारण द्यायचं असेल तर अर्जाच्या आधीच, म्हणजे डिसेंबरमध्येच, मूळ कागदांची फाइल उघडून साखळी पूर्ण आहे का ते बघा. वेळ वाचेल आणि घरातली झोपही.

कराचंही लक्षात ठेवा. शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर तेव्हा सात लाखांपुढे अर्धा टक्का टीसीएस (आगाऊ कापला जाणारा कर) होता, माझे पंधरा हजारांवर कापले गेले आणि रिटर्न भरल्यावर परत आले. 1 एप्रिल 2025 पासून कर्जाच्या रकमेवरचा तो टीसीएस काढला आहे. व्याजावर आयकरातली सूट (तेव्हाचं कलम 80ई) आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करपद्धतीत.

ऑफिसात नोटीस 90 दिवसांची. 20 मे रोजी राजीनामा दिला, तेव्हा कर्ज मंजूर नव्हतं. थांबता आलं असतं तर बरं, पण तारखा जुळत नव्हत्या.

व्हिसासाठी विद्यापीठाकडून सीएएस (प्रवेश पक्का झाल्याचा) क्रमांक जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. उरलेली फी 31,500 आणि लंडनबाहेर महिना 1,023 प्रमाणे नऊ महिन्यांचे 9,207, असे 40,707 पाउंड दाखवायचे होते, म्हणजे 43.5 लाख रुपये. कर्ज चाळीसचं होतं. वरचा फरक स्वतःच्या खात्यात सलग 28 दिवस पडून असावा लागतो, एक दिवस जरी खाली गेला तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मी साडेचार लाख ठेवले, कारण पाउंड वर गेला तर रुपयातली रक्कम वाढते. कर्जाच्या पत्राला 28 दिवसांची अट नाही, पण ते तुमच्या नावावर आणि सहा महिन्यांच्या आतलं हवं. जानेवारी 2025 मध्ये लंडनबाहेरचा दर 1,136 झाला आणि नोव्हेंबर 2025 पासून 1,171, तेव्हा अर्जाच्या वेळचा दर बघून हिशेब करा.

व्हिसाची फी 2024 मध्ये 490 पाउंड होती. आरोग्य अधिभार वर्षाला 776, पण व्हिसा कोर्स संपल्यानंतर चार महिने जास्तीचा असतो, त्यामुळे दीड वर्षाचे 1,164 पाउंड भरावे लागतात. ही सव्वा लाखाची रक्कम पुष्कळांच्या हिशेबातून सुटते. मान्यताप्राप्त दवाखान्यात क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढला, तो दाखला सहा महिने चालतो. 29 जुलैला बोटांचे ठसे दिले, अठरा दिवसांनी पासपोर्ट आला. परीक्षेपासून विमानाच्या तिकिटापर्यंत, फी सोडून, सव्वातीन ते साडेतीन लाख खर्च झाला.

पोहोचल्यावर मिळालेल्या निवास परवान्याच्या कार्डावर 31 डिसेंबर 2024 ही अंतिम तारीख पाहून छातीत धस्स झालं. व्हिसा तर जानेवारी 2026 पर्यंतचा होता. तेव्हा सगळीच कार्डं त्या तारखेची निघत होती, कारण पुढे ई-व्हिसा येणार होता. ऑनलाइन खातं उघडलं की खरी तारीख दिसते.

वर्ग सुरू झाले आणि त्याच महिन्यात, 30 सप्टेंबर 2024 ला, ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ ऑन सोर, बंद झालं. 2,000 मेगावॉटचं. वर्गात त्यावर चर्चा निघाली तेव्हा मी चंद्रपूरचं एकच केंद्र 2,920 मेगावॉटचं आहे हे सांगितलं आणि ते बंद करायचं तर तिथल्या कोळसा खाणी, रेल्वे, कंत्राटी कामगार यांचं काय, हे मांडलं. पहिल्यांदा वाटलं की आपल्याजवळ काहीतरी आहे जे या खोलीत दुसऱ्या कुणाजवळ नाही.

पण तेवढ्यावर भागत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत माझ्या दोन चुका झाल्या. पहिली भाषेची. लाख युनिट, डिस्कॉम, पीएलएफ, सीयूएफ हे शब्द मी सहज वापरत होते आणि समोरचे मान डोलावत होते, कळत कुणालाच नव्हतं. मेगावॉट-तासात बोलायची सवय लावावी लागते. प्रति मेगावॉट-तास पाउंडाला 107 नं गुणून 1,000 नं भागलं की युनिटमागे रुपये मिळतात, ते डोक्यात पक्कं ठेवा. दुसरी चूक गटकामाची. ऊर्जेवरची प्रत्येक केस गट माझ्याकडे द्यायचा आणि मी घ्यायचे. परिणामी ताळेबंद मांडायचं काम बँकेतून आलेला मुलगा करत राहिला, आणि मी जे शिकायला आले होते तेच राहून गेलं. नोव्हेंबरमध्ये गटात स्पष्ट सांगितलं की आता आकडे मी मांडणार, तू तपास. पहिले दोन ताळेबंद जुळले नाहीत. तिसरा जुळला.

फायनान्सच्या वर्गात सात वर्षांच्या कामाचं सर्वात मोठं मोल कळलं ते करारांची तुलना करताना. आपल्याकडचा नेहमीचा सौर पीपीए 25 वर्षांचा, दर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच. ब्रिटनचा सीएफडी करार तेव्हा 15 वर्षांचा होता, पण दर महागाईप्रमाणे वाढतो. बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर फरक मिळतो, वर गेला तर परत द्यावा लागतो. कागदावर 25 वर्षं जास्त सुरक्षित दिसतात. महागाई 5 टक्के धरून बघा, पंधरा वर्षांनी आपल्या दराची खरी किंमत निम्म्याच्याही खाली येते. त्यात बिल उशिरा मिळण्याची जोखीम धरा, जिच्यासाठी केंद्राला 2022 मध्ये विलंब अधिभाराचे नियम आणावे लागले. प्राध्यापकांचं मॉडेल पहिल्या तारखेला पैसे जमा होतात असं धरून चाललं होतं. मी पाच महिने थकलेली बिलं घालून खेळतं भांडवल पुन्हा मोजून दाखवलं, तेव्हा परतावा किती घसरतो हे सगळ्यांनी पाहिलं. साइटवरचा अनुभव वर्गात कामाला येतो तो असा, मॉडेलमधल्या एका खोट्या गृहीतकावर बोट ठेवून.

उन्हाळ्यातला प्रकल्प एका कंपनीत बॅटरी साठवणुकीचा घेतला. आपल्याकडे विजेचा हिशेब दर 15 मिनिटांनी होतो, दिवसाचे 96 टप्पे. ब्रिटनमध्ये अर्ध्या तासानं, 48. शेड्यूलिंगचं काम केलेल्याला ही पद्धत ओळखीची वाटते, शिकायला दोन आठवडे पुरतात. कंपनीची खरी अडचण मात्र किमतीत नव्हती, ग्रिडच्या जोडणीच्या रांगेत होती. तिथे मी सोलापूरचाच कागद पुन्हा काढला: एक महिना उशीर म्हणजे किती पाउंड, आणि तो वाचवायला आज किती द्यायला तयार व्हावं.

नोकरीचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरू होतात, ख्रिसमसनंतर जागं होऊन फार काही हाती लागत नाही. कुशल कामगार व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा एप्रिल 2024 पासून 38,700 पाउंड झाली होती, म्हणून मी आधी ग्रॅज्युएट रूट (शिक्षणानंतर काम करू देणारा व्हिसा) धरला. 2025 मध्ये त्याची फी 880 पाउंड आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार 2,070 होता. विद्यापीठानं कोर्स पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यानंतरच, आणि ब्रिटनमध्ये असतानाच, हा अर्ज करता येतो. निकाल यायच्या आत देश सोडला तर अर्ज रद्द धरतात. दिवाळी ऑक्टोबरात होती. घरचे सारखे तारीख विचारत होते, पण मी तिकीट काढलं ते व्हिसाचा ईमेल आल्यावरच.